नववी रांग

टूरच्या ऑफिसातल्या मुलीने मला तीनदा विचारलं, "काकू, नक्की नववी रांग?" आणि मी तीनदा हो म्हटलं. तिने बसचा नकाशा माझ्याकडे फिरवून पेनाने दाखवलं, की नववी रांग मागच्या चाकावर येते, पाय धड ठेवता येत नाहीत, खड्डा आला की माणूस उडतं. चौथ्या रांगेत दोन जागा शिल्लक होत्या. त्यासाठी लोक भांडतात, असं तिचं म्हणणं. "भांडू देत," मी म्हटलं. "तू दाराच्या बाजूची नववी लिही. दोन जागा, माझी आणि हिची."

ही म्हणजे माझी नणंद. शेजारी बसून मला कोपराने ढोसत होती. चाळीस वर्षांपूर्वी आम्ही एकमेकींना अहो-जाहो करायचो; तिचा भाऊ गेल्यावर अगं-तुगंवर आलो, कारण ऐकून नाक मुरडणारं कुणी उरलं नव्हतं. स्वभावाने ती गरीब. तिची निम्मी वाक्यं "जाऊ दे ना वहिनी" अशी सुरू होतात. वहिनी काहीही जाऊ देत नाही, हे तिला चाळीस वर्षांत उमगलेलं नाही.

बाहेर आल्यावर मी तिला पावतीची मागची बाजू दाखवली. तिथे बारीक अक्षरांत नियम छापला होता: बसप्रवासाच्या दर दिवशी प्रत्येकाने एक रांग पुढे सरकायचं, आणि पहिल्या रांगेतल्यांनी शेवटच्या, म्हणजे दहाव्या रांगेत जायचं. टूर बावीस दिवसांची. सतरा देवळं, दोन अरण्यं, एक सरोवर, तीन किनारे. मुक्कामाचे आणि पायी हिंडायचे दिवस वजा केले की बसचे दिवस उरत होते चौदा. पहिल्या दिवशी नवव्या रांगेत बसलेलं माणूस नवव्या दिवशी पहिल्या रांगेत येतं, आणि नववा दिवस घाटाचा होता. तीन तास, बेचाळीस वळणं, दोन्ही बाजूंना घनदाट अरण्य, आणि घाट संपताच समुद्र आणि कड्यावरचं देऊळ. हे गणित करायला पदवी लागत नाही. लोक करत नाहीत, कारण त्यांना पहिल्याच दिवशी पुढे बसायचं असतं.

मला त्या एकाच दिवशी पुढे बसायचं होतं. माझ्या डोळ्यांत काचबिंदू आहे. कडेचं सगळं गेलंय. समोरचं तेवढं, नळीतून पाहावं तसं, पण स्वच्छ दिसतं. बाजूच्या खिडकीतलं झाड माझ्या नजरेत येईयेईतो मागे गेलेलं असतं. समोरच्या काचेतून मात्र ते लांबून येतं, हळूहळू मोठं होतं, मला पुरेसं बघू देतं. डॉक्टरांनी दोन वर्षं सांगितली होती आणि त्यातलं एक संपलं होतं. टूरच्या फॉर्मवर 'डोळ्यांचे विकार' याच्यापुढे मी 'चष्मा' असं लिहिलं. खोटं लिहिलं, मान्य. खरं लिहिलं असतं तर त्यांनी मला गोड शब्दांत घरी बसवलं असतं.

घरी बसायची मला सवय नाही. एकतीस वर्षं मी जन्म-मृत्यूच्या दाखल्यांच्या खिडकीत बसले. लोखंडी जाळी, तिला एक हात जाईल एवढं भोक, आणि पलीकडे रांग. ज्याला मूल झालंय तो आणि ज्याचा बाप गेलाय तो एकामागे एक उभे. पुढे घुसणाऱ्यांची कारणं मला तोंडपाठ होती. बाहेर गाडी उभी आहे, साहेबांनी पाठवलंय, दोन मिनिटांचं तर काम आहे. मी एकालाही पुढे घेतलं नाही. सख्खा दीर आला, तोही अठरावा उभा राहिला, आणि नंतर दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही. ती दोन वर्षं घरात फार शांतता होती.

टूर सुरू झाली. मी नवव्या रांगेत उडत होते आणि खूश होते. देवळांमध्ये माझं बरं चालायचं. गाभाऱ्यात बघायचं ते समोरच असतं, आजूबाजूला बघून काय करायचंय? मोठी मूर्ती असली की मी हप्त्याहप्त्याने पाहायची. शेषशायी विष्णू होता, वीस-बावीस हात लांब. मी आधी चेहरा पाहिला, मग नाभी, मग पाय, आणि पायांपाशी पोचेतो मागचे लोक "चला पुढे" करायला लागले. "सगळा बघितल्याशिवाय हलणार नाही," मी म्हटलं. नणंदेने लोकांची माफी मागितली.

आमचा टूर मॅनेजर तिशीतला, डोक्यावर टोपी, सगळ्यांना काका-काकू म्हणणारा. गोड बोलून गळा कापणाऱ्यातला नव्हता. गोड बोलत दुसऱ्याला कापू देणाऱ्यातला होता. दाराच्या बाजूच्या तिसऱ्या रांगेत एक साहेब आणि त्यांच्या बाई होत्या. साहेब मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, पण हुद्दा अजून त्यांच्या अंगातून निवृत्त झाला नव्हता. मॅनेजरलाही ते नावाऐवजी 'अहो, इकडे या' अशीच हाक मारत. बसच्या तिसऱ्या दिवशी नियमाप्रमाणे ते दोघं पहिल्या रांगेत आले, आणि चौथ्या दिवशी तिथून उठले नाहीत.

"बाईंना मागे बसलं की मळमळतं," मॅनेजरने सगळ्यांना सांगितलं. "वैद्यकीय कारण आहे. जरा समजून घ्या."

त्या दिवशी पहिल्या रांगेचा नंबर एका छापखानेवाल्याचा आणि त्याच्या बायकोचा होता. दोघं दुसऱ्या रांगेतून उठली, साहेबांना ओलांडून कुठे जाणार, म्हणून सरळ दहाव्या रांगेत जाऊन बसली. पाचव्या दिवशी दुसरी जोडी, सहाव्या दिवशी तिसरी. माझ्या पुढच्या पाच जोड्या अशा दुसरीतून दहावीत गेल्या. एकानेही ब्र काढला नाही. मी सातवीतून सहावीत, सहावीतून पाचवीत सरकत होते, आणि सरकताना मला दिसत होतं की आपलाही नंबर असाच जाणार. तेव्हाच बोलायला हवं होतं. माझा नंबर यायच्या आत बोलणं शोभणार नाही असं वाटलं, म्हणून गप्प बसले. खिडकीतली सवय. ती चूक होती, आणि ती माझी होती.

आठव्या दिवशी आम्ही दुसऱ्या रांगेत होतो. संध्याकाळी हॉटेलच्या जेवणघरात मॅनेजर टेबलाटेबलावर फिरून उद्याच्या वेळा सांगत होता. मी ताट घेऊन त्याच्यासमोर उभी राहिले.

"उद्या पहिली रांग माझी," मी म्हटलं.

"काकू, तुम्हाला माहितीये ना, बाईंना..."

"मळमळतं. माहितीये. पाच जोड्यांना माहितीये. तुमच्या पावतीच्या मागे मळमळीचा नियम कुठे छापलाय, दाखवा."

तो हसला. "उद्याचा एक दिवस सांभाळून घ्या. घाट आहे, बाईंना जास्तच त्रास होईल."

"घाट आहे म्हणूनच मला उद्या हवाय."

पलीकडच्या टेबलावरून साहेबांनी चमचा खाली ठेवला. "एका खुर्चीसाठी एवढं? या वयात माणसाने थोडं सोडायला शिकावं."

"तुम्हीही माझ्याच वयाचे दिसता," मी म्हटलं. "तुम्ही आधी शिका, मग मला शिकवा."

नणंद माझ्या ताटातली पोळी माझ्याच तोंडात कोंबायच्या बेतात होती.

खोलीत आल्यावर ती पलंगावर बसली आणि पहिल्यांदाच तिचं वाक्य "जाऊ दे" असं सुरू झालं नाही. "वहिनी, त्यांचं वैद्यकीय कारण आहे ना? मग तुझं त्यांच्याहून मोठं आहे. सांगून टाक. उभ्या उभ्या जागा देतील."

"देतील. म्हणूनच सांगायचं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे ती मला दिलेली जागा होईल. बिचारीला दिसत नाही, बसू द्या बिचारीला. उद्या तिथे मी बसणार ती माझा नंबर आहे म्हणून. मला काचबिंदू नसता तरी तो माझाच नंबर होता."

"तुला घाट बघायचाय की भांडण जिंकायचंय?"

प्रश्न बरोबर होता. मला घाट बघायचा होता, इतका की आठ दिवस मी त्याच्याच नादात मागच्या रांगांतले धक्के खाल्ले होते. पण भीक म्हणून मिळालेला घाट मला दिसला नसता, डोळे धड असते तरी. हे तिला नीट सांगता येईना, म्हणून मी दिवा मालवते म्हटलं.

त्याआधी मात्र मी छापखानेवाल्याच्या खोलीचं दार वाजवलं होतं. त्याला सरळ विचारलं, "त्या दिवशी तुम्ही बोलला का नाहीत?"

तो खजील झाला. "एका दिवसाचा प्रश्न, म्हटलं कशाला. म्हातारी मेल्याचं दुःख नाही हो."

"पण काळ सोकावतो. पुढचं तुम्हीच म्हणा ना. सोकावला की नाही? उद्या साहेबांना त्यांच्या खऱ्या रांगेत, म्हणजे पाचवीत बसवलं, तर तुम्हा पाचही जोड्यांना एकेक रांग मागे जावं लागेल. जाल?"

"म्हणजे आमचा पुढचा नंबरही गेला, आणि वर आम्हीच मागे जायचं?" तो हसायला लागला. त्याची बायको आतून म्हणाली, "जाऊ. पण आधी साहेब उठतात का ते बघू."

सकाळी साडेसहाला बसचं दार उघडलं तेव्हा मी पहिली चढले. पहिल्या रांगेत खिडकीशी मी, शेजारी नणंद, तिच्या मांडीवर दोघींच्या पर्सा. समोर काच, नुकती पुसलेली. लोक येत गेले, आमच्याकडे बघत गेले. मग साहेब चढले आणि थांबले.

"हे काय?"

"नववा दिवस," मी म्हटलं.

"मॅनेजर," साहेब आज पहिल्यांदा त्याला हुद्द्याने हाक मारत होते, "यांना उठवा."

मॅनेजर एकदा माझ्याकडे, एकदा साहेबांकडे बघत राहिला. म्हणाला, "काकू, प्लीज." मी काचेतून समोर पाहत होते. आणि तेवढ्यात नणंदेचा बांध फुटला.

"तिला दिसत नाही," ती म्हणाली. आवाज फाटला होता तिचा. "काचबिंदू आहे तिला. समोरचंच दिसतं, तेही वर्षभर. तिला बसू द्या."

मला तिचा इतका राग आला की दात आवळले गेले. साहेबांच्या मागून बाई पुढे झाल्या, त्यांनी हात छातीशी नेला. "अगं बाई. आधी सांगायचं नाही का? बसा हो बसा. आम्ही तुम्हाला आमची जागा देतो."

मी उठून उभी राहिले.

"तुमची जागा मला नको," मी म्हटलं. "तुमची जागा पाचव्या रांगेत आहे. मी माझ्या जागेवर बसले होते."

"तेच म्हणतेय मी, बसा..."

"नाही. तुम्ही दिली म्हणून मी बसणार नाही. माझी आहे असं यांना म्हणू दे." मी मॅनेजरकडे बोट केलं. "यादी असेल ना तुमच्याकडे? वाचा."

साहेब वैतागले. "अहो, तुम्हाला नाहीतरी काय दिसणार आहे?"

"नंबर माझा आहे," मी म्हटलं. "मी डोळे मिटून बसेन. झोपेन. घोरेन. तुम्हाला काय करायचंय?"

कुणीतरी मागे फिसकन हसलं. मॅनेजरने टोपी काढली, खिशातून यादीचा घडी पडलेला कागद काढला. त्याचे कान लाल झाले होते. तो वाचायला लागला, आधी इतका हळू की छापखानेवाला मागून म्हणाला, "ऐकू येत नाही." मग त्याने मोठ्याने वाचलं. नववा दिवस, दाराची बाजू, पहिली रांग: या दोन काकू. दुसरी: दोन्ही सिस्टर. त्या सख्ख्या बहिणी, दोघी निवृत्त परिचारिका, पहिल्या दिवशी दहाव्या रांगेतून निघालेल्या. असं करत तो पाचवीपर्यंत आला. पाचवी: साहेब आणि बाई.

छापखानेवाला उठला आणि एक रांग मागे गेला. त्याच्या मागची जोडी उठली, एक रांग मागे गेली. मग तिसरी, चौथी, पाचवी. पिशव्या, स्वेटर, पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन दहा माणसं मागे सरकली आणि पाचवी रांग रिकामी झाली. साहेब त्या रिकाम्या रांगेत जाऊन बसले. तेव्हा मी खाली बसले.

घाट सुरू झाला. त्याचं वर्णन कुणी मागितलं की मी सांगत नाही, इथे सांगते. आधी बांबू आले, दोन्हीकडून रस्त्यावर वाकलेले, आणि बस त्यांच्याखालून शिरली. मग झाडांची खोडं इतकी जाड की एक खोड माझ्या नजरेत मावेना. खोडांवर वेली, वेलींवर शेवाळ, पानं सुपाएवढी. वळण आलं की समोर नुसतं आकाश यायचं, बस वळली की पुन्हा हिरवं. एका वळणावर पाणी वरून थेट रस्त्याच्या कडेला पडत होतं. ते लांबून दिसलं, जवळ आलं, काचेवर तुषार उडाले, आणि ड्रायव्हरने वायपर लावला. मी काहीही सोडलं नाही. सगळं माझ्याकडे आपणहून चालत येत होतं. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं, पण डोळे मिचकावले नाहीत, कारण मिचकावण्यात वेळ जातो.

एकविसाव्या वळणावर मागे गडबड झाली. "थांबवा, थांबवा." उलटी झाली होती, पण बाईंना नाही, साहेबांना. ते खाली उतरून दगडावर बसले, पांढरेफटक. बाई त्यांचं तोंड पुसत होत्या. नणंद गोळी द्यायला उतरली तेव्हा बाई तिला म्हणाल्या, "ह्यांनाच होतं हो. पहिल्यापासून. चारचौघांत सांगायचं नाही म्हणून माझ्या नावावर." नणंदेने बसमध्ये येऊन ते माझ्या कानात सांगितलं आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.

उठावं का, असं मला वाटलं. नाही कसं वाटेल? पण मी जागा सोडली नाही. वळणं अजून एकवीस होती आणि ती माझी होती. मी दाराशी जाऊन बाईंना एवढंच म्हटलं, "पुढच्या बसदिवशी दोन्ही सिस्टरांचा नंबर आहे. खरं सांगा आणि त्यांना विचारा. मॅनेजरला नाही, त्यांना. ज्याचा नंबर त्याला विचारायचं असतं." त्यानंतर साहेबांना मॅनेजरच्या शेजारच्या घडीच्या खुर्चीवर बसवलं आणि बस निघाली. शेवटच्या वळणाला समुद्र आला, निळा नव्हता, राखाडी होता, आणि कड्यावर देऊळ. मी कळस पाहिला, मग पायऱ्या, मग पुन्हा कळस.

दुसरा दिवस देवळाचा, मुक्कामाचा. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बस, म्हणजे बसचा दहावा दिवस. सगळ्यांसमोर बाई सिस्टरांपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्या यजमानांना उलट्या होतात. एक जागा द्याल का?" साहेब शेजारीच उभे होते. मोठी सिस्टर आपल्या जागेवरून उठली, म्हणाली, "बसा. पिशवी हातात धरा." साहेब बसले. मला त्यांचं कौतुक वाटलं. हे लिहिताना हात जड होतोय, पण वाटलं.

मग मॅनेजर माझ्याकडे आला. "काकू, आम्ही सगळ्यांनी ठरवलंय. उरलेले दिवस तुम्ही पुढेच बसा. धाकट्या सिस्टर मागे जायला तयार आहेत. पुढच्या दिवसांच्या लोकांनीही हो म्हटलंय. कुणाची हरकत नाही."

बसचे पाच दिवस उरले होते. दहावीपासून निघालो की शेवटच्या दिवशी आमची रांग सहावी. म्हणजे ती काच मला या टूरमध्ये पुन्हा मिळणार नव्हती, आणि टूरनंतर कुठली काच? पुढे अजून एक अरण्य होतं आणि समुद्राला लागून जाणारा रस्ता. मला ते हवं होतं. घाटापेक्षा जास्त हवं होतं, कारण आता मला माहीत होतं की काय दिसतं.

"पुढचे दिवस कुणाचे आहेत?" मी विचारलं.

त्याने यादी काढली. अकरावा, बारावा आणि तेरावा दिवस पहिल्या तीन रांगांतल्यांचे, ज्यांनी एकदा पुढे बसून घेतलं होतं. चौदावा, शेवटचा, छापखानेवाल्याचा. ज्या पाच जोड्यांचा नंबर गेला होता, त्यातल्या त्याच एका जोडीला तो परत मिळणार होता.

मी नणंदेचा हात धरला आणि मागे निघाले. "वहिनी, सगळे हो म्हणतायत," ती म्हणाली. मी चालत राहिले. पाचव्या रांगेपाशी छापखानेवाल्याने मला अडवलं.

"काकू, हट्ट करू नका. आमचा चौदावा दिवस तुम्हाला घ्या. आम्ही मनापासून देतोय. आम्हाला काय, इथूनही दिसतं."

"इथूनही दिसतं, हे तुम्ही चौथ्या दिवशी मनात म्हणालात आणि पाच जोड्या मागे गेल्या," मी म्हटलं. "चौदाव्या दिवशी सकाळी साडेसहाला तुम्ही दोघं पहिल्या रांगेत बसायचं. कुणी काही म्हणालं तरी उठायचं नाही. मी म्हणाले तरी."

"आणि तुम्ही?"

"मी सहाव्या रांगेतून बघेन," मी म्हटलं. "तुम्ही बसताय की नाही ते."